दर एकसा

मेमू गाडी बोगद्याच्या दिशेनं निघून गेली आणि फलाटावर आम्ही दोघंच उरलो. हिनं पिशवी खाली ठेवली, पावसाचे थेंब पडलेला चष्मा पदरानं पुसला आणि स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरचं नाव मोठ्यांदा वाचलं, "दर एकसा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघा. यांनी पाटीवरच लिहून टाकलंय. नाहीतर तुमचं ते गोवा!"

दरेकसा हे नाव मी नोकरीच्या काळात शेकडो वेळा लिहिलं असेल. मोजमाप वहीत, प्रवासभत्त्याच्या बिलात, पुलाच्या अंदाजपत्रकात. पण त्याची अशी फोड करावी हे मला कधी सुचलं नाही. सुचायला महिनाभर आधी पणजीला जाऊन यावं लागतं.

झालं होतं ते असं. आमच्या लग्नाला 35 वर्षं झाली म्हणून पुण्याच्या लेकीनं आम्हाला बुटीक हॉटेलातल्या दोन रात्री भेट दिल्या. फोनवर 'बुटीक हॉटेल' हे शब्द ऐकून ही जरा गप्पच झाली. आमच्या कॉलनीत बुटीक म्हणजे जिथं ब्लाउज शिवून मिळतात आणि साडीला फॉल-पिको करून मिळतं ते दुकान. "राहायचं कुठं मग?" तिनं हळूच विचारलं, "मशीनच्या मागं?"

लेकीनं व्हिडिओ कॉल लावून आमच्यादेखत बुकिंग केलं. मंगळवारी खोली साडेसहा हजार, शुक्रवारी नऊ, शनिवारी अकरा. मी उठून चहा टाकून येईपर्यंत मंगळवारही सात हजारांवर गेलेला. "खोली तीच ना?" हिनं विचारलं. "तीच." "पलंग?" "आई, पलंग तोच, चादर तीच, सगळं तेच." "मग वाढलं काय?" लेकीनं मागणी, पुरवठा आणि संगणक यांचा संबंध समजावून सांगितला. हिनं सगळं ऐकून घेतलं. आमचा भाजीवाला संध्याकाळी भाव उतरवतो, कारण पालक सुकतो. खोली सुकत नाही, तरी तिचा भाव चढतो-उतरतो, आणि तोही रात्री अकरा वाजता, मालक झोपलेला असताना, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

मी मात्र शब्दाचा शोध घेतला. निवृत्त माणसाला तेवढंच. बुटीक हा फ्रेंच शब्द, आणि त्याचं मूळ ग्रीक 'अपोथेके', म्हणजे कोठार, साठवणीची जागा. याच मुळातून इंग्रजीत औषधं विकणाऱ्याचंही नाव निघालं आहे. तेव्हा दर ऐकून कुणाच्या छातीत धडधडलं, तर शब्दाच्या आतच उपाय आहे. हॉटेलाला हे विशेषण चिकटलं ते न्यूयॉर्कमध्ये. 1984 साली तिथं मॉर्गन्स नावाचं हॉटेल उघडलं, आणि त्याच्या मालकांपैकी स्टीव्ह रुबेल यानं आपल्या हॉटेलाचा वेगळेपणा सांगताना दुकानांची उपमा दिली: बाकीची हॉटेलं म्हणजे सगळं काही विकणारी अवाढव्य दुकानं, आणि आमचं म्हणजे बुटीक. हे मी हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे दुकानच ना? मी काय वेगळं म्हणत होते?"

हॉटेल होतं पणजीच्या फोंतेन्हास भागात. ही वस्ती खरोखर देखणी. पोर्तुगिजांनी 1843 साली जुनं गोवं सोडून पणजीला राजधानी केली, त्या काळाची चव अजून या गल्ल्यांना आहे. पिवळी, निळी, तांबडी घरं. पावसाळा संपला की पुन्हा रंगवायची असा रिवाज. शुभ्र पांढरा रंग चर्चसाठी राखलेला. जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं, त्यातून उजेड दुधासारखा गाळून येतो. आम्ही गेलो तेव्हा आषाढ धो धो कोसळत होता आणि भिंतींचे रंग ओघळायच्या बेतात होते, तरी मी छत्री धरून अर्धा तास एका खिडकीपाशी उभा राहिलो. शेवटी आतल्या बाईनं पडदा ओढून घेतला.

हॉटेलात जेमतेम दहा-बारा खोल्या. खोल्यांना नंबर नाहीत, फुलांची नावं. प्रत्येक वस्तूशेजारी एक छोटं कार्ड. आरसा कधीचा, तिवई कुठल्या घरातली, कौलं कुठल्या बनावटीची. पलंग इतका उंच की चढायला शेजारी पायरी. दगडी रगडा पालथा करून त्यावर काच बसवली होती आणि काचेवर नियतकालिकं. "याच्यात वाटत नाहीत का आता?" हिनं विचारलं. त्या मुलानं आदबीनं सांगितलं, "नाही मॅडम, हा हेरिटेज आहे." पलंगावर टॉवेलचे दोन हंस करून ठेवलेले, मानेला मान लावून, मधल्या जागेत बदाम. ते इतके सुरेख होते की मोडायचा आम्हाला धीर झाला नाही. रात्री उचलून तिवईवर ठेवायचे, सकाळी परत पलंगावर. दोन दिवस आम्ही नागपूरहून नेलेल्या पंच्यानं अंग पुसलं.

चूक काहीच नव्हती, हे सांगायलाच हवं. माणसं गोड होती. लग्नाच्या वाढदिवसाचा केक म्हणून काहीतरी आलं, त्यावर आमची दोघांची नावं बिनचूक होती. माझ्या नावातला ऱ्हस्व-दीर्घसुद्धा बरोबर, जो आमच्या लग्नपत्रिकेत चुकला होता.

रात्रीच्या जेवणाला सात टप्पे होते. ताट मोठं, त्यात मधोमध घास, आणि घासाआधी भाषण. वाढणारा मुलगा हात मागं बांधून उभा राही आणि त्या घासाचं कुळ, गोत्र, गाव सांगे. चौथ्या की पाचव्या ताटलीत अळंबीचे तीन काप आले. ही रोयण अळमी, तो म्हणाला, रानातल्या वारुळांवर येते, फक्त पावसाळ्यात, लागवड करता येत नाही, वेचूनच आणावी लागते. खरंच आहे ते. या अळंबीची शेती माणसाला साधलेली नाही. ती वाळवीच करते, जमिनीखाली, स्वतःच्या पोटासाठी, आणि पाऊस पडला की वर छत्री उघडते. मी ते भाषण मन लावून ऐकत होतो. हिनं एक काप तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, या तर सात्या."

हिचं माहेर साकोलीकडचं. झाडीपट्टीत पाऊस लागला की सडकेच्या कडेला बाया पळसाच्या पानांवर ढीग मांडून सात्या विकायला बसतात. बालपणी ज्याची परातभर भाजी खाल्ली, त्याचे तीन काप समोर. मुलगा पुढच्या ताटलीचं भाषण करायला आला तेव्हा हिनं त्याला मायेनं विचारलं, "बाळा, भात केव्हा येतो रे?"

परतीच्या गाडीत बसतानाच ठरलं. सात्या संपायच्या आत गुरुजींकडे जायचं. दरेकशाला.

अनोळखी गावात पथारी टाकायची सवय मला नोकरीनं लावली. मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात होतो. आधी भंडाऱ्यात, 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा आम्ही काही जण टेबल-खुर्च्यांसकट वाटणीला आलो. पाहणीला जायचं म्हणजे विश्रामगृह. साहेबांच्या काळी याला डाकबंगला म्हणत, आणि तिथलं जेवण फार पूर्वीपासून नावाजलेलं आहे. इंग्रजांच्या हिंदुस्थानी बोलीचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश 1886 साली निघाला, त्यात 'सडन डेथ' अशी एक नोंद आहे. 'अकस्मात मृत्यू' म्हणजे डाकबंगल्यावर मिळणारी कोंबडी. साहेबाचा घोडा फाटकात शिरला की खानसामा सुरी घेऊन धावे, आणि साहेबाचे बूट निघेपर्यंत अंगणात दाणे टिपणारा जीव थाळीत आलेला असे. शंभर वर्षांनी मी गेलो तेव्हाही पद्धत तीच. "काय बनवू साहेब?" असं चौकीदार अगदी मोकळ्या मनानं विचारायचा, आणि मी विचार करत असताना मागच्या अंगणातून उत्तर ऐकू यायचं. निघताना रजिस्टर पुढं येई. 'अभिप्राय' या रकान्यात पहिल्या पानापासून प्रत्येकानं लिहिलेलं, 'व्यवस्था ठीक'. मीही तेच लिही. एकदा एका पानावर कुणीतरी 'व्यवस्था उत्तम' लिहून ठेवलेलं दिसलं. पुढं कळलं, ते साहेब मुक्कामाला आलेच नव्हते.

दरेकशात हॉटेल नाही. का नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं, कारण या गावाला हॉटेलं चालवणाऱ्या कंपनीचं पाणी लागलेलं आहे. 1878 च्या दुष्काळात छत्तीसगडचं धान्य बाहेर काढायला रस्ता नव्हता, म्हणून सरकारनं नागपुराहून राजनांदगावकडे आधी अरुंद रुळांची गाडी नेली. 1887 मध्ये बेंगाल नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली, तिनं ती लाइन विकत घेऊन रुंद केली आणि पुढं बंगालपर्यंत नेली. वाटेत मैकलचे डोंगर आडवे, त्यात दरेकशाची खिंड. तीच बेंगाल नागपूर कंपनी पुढं पुरीला आणि रांचीला हॉटेलं काढून बसली. बी.एन.आर. हॉटेल म्हटलं की जुन्या बंगाली माणसाचे डोळे अजून ओलावतात. समुद्र होता तिथं कंपनीनं हॉटेल बांधलं, थंड हवा होती तिथं बांधलं. दरेकशाला धबधबा होता, डोंगर होता, वाघही होते. इथं कंपनीनं स्टेशन बांधलं, सिग्नल लावला आणि पुढं गेली. आजही कोलकात्याला जाणारी गीतांजली इथून जाते ती मान न वळवता. महाराष्ट्रातलं हे या मार्गावरचं शेवटचं स्टेशन. पुढचं बोरतलाव छत्तीसगडात.

मध्यंतरी बरीच वर्षं तर असं होतं की पेपरात दरेकसा हे नाव आलं, की पुढचा शब्द 'दलम', म्हणजे नक्षलवाद्यांची तुकडी, असायचा. पाहणीला गेलो तरी चार वाजले की ड्रायव्हर गाडी चालू करून बसे. त्या काळात ज्यांनी एकदाही "साहेब, आता निघा" म्हटलं नाही, ते गुरुजी. शाळेच्या दोन खोल्यांचं बांधकाम माझ्याकडे होतं आणि शाळा त्यांच्याकडे. स्लॅब टाकला त्या दिवशी पावसानं मला अडकवलं आणि मी त्यांच्या घरी राहिलो. तेव्हापासून दर दिवाळीला त्यांचं पत्र, मग फोन, आणि प्रत्येक फोनचा शेवट एकच: "बाईले घेऊन या न जी एकदा."

तर असे आम्ही श्रावणात, सात्यांच्या ओढीनं, दरेकशाच्या फलाटावर उभे होतो. फाटकापाशी गुरुजी छत्री घेऊन आले होते. छत्री एकच, ती हिच्या डोक्यावर. "जय सेवा," ते म्हणाले. आम्ही नमस्कार केला. मग तिघेही भिजत, म्हणजे ही सोडून दोघे भिजत, घरी गेलो.

अंगणात पाय ठेवताच सुनेनं पाण्याचा गडवा पुढं केला, पाय धुवायला. मला पणजीतलं स्वागत आठवलं: थंडगार ओला रुमाल आणि दांडीला छोटी छत्री खोचलेलं सरबत. तिथं वेलकम तोंडापासून सुरू होतं, इथं पायांपासून. चिखल तुडवून आलेल्या माणसाला कुठून सुरुवात हवी असते, ते सांगायला नको.

घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. पडवीत बाज, आत अंधारात धानाची ढोली माणसाहून उंच. कोपऱ्यात जातं. ही सवयीनं त्याच्या जवळ गेली, कार्ड शोधत असावी. कार्ड नव्हतं. जात्याच्या पाळीला ओलं पीठ चिकटलं होतं. पावसानं वीज गेली आणि चक्की बंद पडली म्हणून सकाळीच लाखोळी भरडली होती. म्हणजे इथं हेरिटेज कामावर होतं, आणि त्याला त्या दिवशी सुट्टीही मिळालेली नव्हती.

गुरुजींची आई बाजेवर बसली होती. वय त्यांनाच माहीत नाही, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. हिच्या हाताला हात लावून त्यांनी चौकशी सुरू केली. नाव काय, माहेर कोणतं, साकोलीत कुठं, तलावाच्या अलीकडे की पलीकडे, बाप काय करे, लेकरं किती, पोरीला काय झालं, जावई पितो का, पाय दुखतात का, कोणता. बुटीक हॉटेलवाले म्हणतात की आम्ही पाहुण्याकडे व्यक्तिशः लक्ष देतो. म्हातारीनं पाऊण तासात हिच्या चार पिढ्या, दोन ऑपरेशनं आणि एका मोडलेल्या सोयरिकीपर्यंत मजल मारली. ती मोडलेली सोयरीक मला 35 वर्षांत ठाऊक नव्हती.

जेवायला बसलो. श्रावणामुळं अंगणातल्या कोंबड्या निर्धास्त फिरत होत्या, एक तर माझ्या पाटापाशी येऊन खात्री करून गेली. ताटात आधी भात आला. पर्वत. त्यावर लाखोळीचं वरण. या डाळीला 1961 पासून कित्येक वर्षं विक्रीची बंदी होती, पाय लुळे पडतात म्हणून; झाडीपट्टीच्या बांधावर मात्र ती पेरली जात राहिली आणि घराघरात शिजत राहिली. काटवलांची भाजी. वास्त्यांची भाजी, म्हणजे कोवळ्या बांबूची. आणि मग कढईच बाहेर आली. सात्या. तिखट, लसणीच्या, रस्सा असा की भाताला आळं करूनही थांबेना.

भाषण कुणी केलं नाही. फक्त सून म्हणाली, "आज कमीच सापडल्या जी." हिनं पहिला घास घेतला आणि बराच वेळ बोलली नाही. मग भात मागितला. मग पुन्हा मागितला. मी तिसऱ्यांदा नको म्हणून ताटावर हात आडवा धरला, तेव्हा म्हातारीला दिसत नव्हतं तरी कळलं. "नागपुरात इतलंसंच जेवतेत का जी माणसं?" मी हात काढला.

सगळंच गोड होतं असं नाही. न्हाणीघर अंगणापलीकडे. रात्री दोनला मला उठावं लागलं. एका हातात बॅटरी, एका हातात छत्री, पायात कुणाच्या तरी चपला. पणजीच्या कार्डावर 'रेन शॉवर' असं ठळक लिहिलेलं होतं. नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते कळेपर्यंत मी आधी भाजलो, मग गारठलो. इथं नळच नव्हता, नुसता रेन. दार उघडलं तर आत बेडूक. आम्ही दोघंही संकोचलो. तो पाहुण्यांच्या बाबतीत गुरुजींइतका समजूतदार निघाला नाही, हललाच नाही. परत येऊन मच्छरदाणीत शिरलो. तिच्या चार दोऱ्या चार वेगवेगळ्या उंचीच्या खुंट्यांना बांधलेल्या, त्यामुळं आत तंबूसारखा उतार होता आणि सगळं पांघरूण हिच्या बाजूला घरंगळत होतं. त्या क्षणी मला त्या उंच पलंगाची आठवण आली, हे कबूल करतो. त्याच्या पायरीचीसुद्धा.

झोप लागेना, कारण गाड्या. कोळसा, लोखंड, सिमेंट, सगळं या खिंडीतून जातं, आणि इंजिनं बोगद्यात शिरण्याआधी भोंगा देतात. डोंगर तो भोंगा परत करतो. पणजीच्या उशाशी कानात घालायचे बोळे ठेवलेले होते. इथं अंधारातून म्हातारीचा आवाज आला, "ही मालगाडी हाय. याच्या मागून मेल येते. मग झोप लागते." मेल आली. झोप लागली.

सकाळी हाजरा फॉल पाहायला गेलो. स्टेशनपासून पायी जाण्याइतका जवळ, अन् गावातला कुणी तिकडे बघायलाही जात नाही, जसे आम्ही नागपुरात राहून अंबाझरीला जात नाही. पाऊस भरात होता, पाणी कड्यावरून सरळ कोसळत होतं. वनखात्यानं गावकऱ्यांची समिती करून तिथं बरंच काही केलं आहे, तारेवरून घसरत जायची सोयसुद्धा. ही त्या तारेकडे बघत म्हणाली, "रात्री त्या मच्छरदाणीत मी फुकट घसरले."

पाऊस उघडेना म्हणून कचारगडाला जाता आलं नाही, पण गुरुजींनी पडवीत बसून सांगितलं. इतिहासाचं गाव कशाला म्हणायचं हा प्रश्न मी पणजीपासून घेऊन फिरत होतो. तिथं सगळ्याला सन होता. गुरुजींच्या गोष्टीला सन नव्हता. धनेगावच्या वरच्या डोंगरात प्रचंड गुहा आहेत. गोंडी कथेप्रमाणे काली कंकालीच्या लेकरांना तिथं कोंडून घातलं होतं, तोंडावर शिळा लावून. पारी कुपार लिंगोनं त्यांना सोडवायचं ठरवलं. हिरासुका नावाच्या वादकानं असं वाद्य वाजवलं की आतल्या लेकरांच्या अंगात बळ आलं, आतून ती आणि बाहेरून तो असा जोर लागला आणि शिळा सरली. लेकरं सुटली, हिरासुका शिळेखाली गेला. त्या लेकरांपासून गोंडांची कुळं चालली. "म्हणून माघ पौर्णिमेला सारे येतात," गुरुजी म्हणाले. महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा, ओडिशा. आपल्या उगमाच्या जागी.

"एवढी माणसं राहतात कुठं?" मी विचारलं. बांधकाम खातं अंगातून जात नाही.

गुरुजी हसले. "कुठं म्हणजे? बांध्या मोकळ्या असतात न जी तेव्हा. धान निघालेलं असतं."

मी मनात खोल्या मोजू लागलो होतो, त्या थांबवल्या.

त्या डोंगराच्या पलीकडे, छत्तीसगडात, खैरागडचा राजवाडा आहे. आजकाल राजवाडा म्हटलं की हॉटेल आलंच. पण खैरागडच्या राजा-राणीनं आपल्या गेलेल्या लेकीच्या, इंदिरेच्या नावानं तो संगीताला देऊन टाकला, आणि 1956 पासून तिथं संगीताचं विद्यापीठ आहे. हे मी सांगितलं तेव्हा गुरुजींनी मान डोलावली आणि म्हणाले, वाद्यानं शिळा सरकते हे त्यांनाही ठाऊक असेल.

तिसऱ्या दिवशी निघालो. आता खरा पेच. पणजीत तो नव्हता. तिथं पाकिटात घडी घालून बिल आलं होतं, त्यात कर वेगळा, सेवा वेगळी, चहा वेगळा, आणि लेकीनं आधीच भरलेलं असल्यामुळं मी फक्त गंभीर चेहऱ्यानं वाचून सही केली. इथं काय करायचं? गुरुजींना विचारणं शक्य नव्हतं. सुनेच्या हातात ठेवलं असतं तर तिनं मागं सरून हात लपवले असते. हिनं बायकांची जुनी वाट काढली. नातू दारात बैलाच्या मातीच्या खेळण्याशी खेळत होता, त्याच्या मुठीत पाचशेची नोट दाबली, "खाऊ घे." आबाजी-आबाजी करत माझ्या मागं फिरणारं ते पोर नोट घेऊन सरळ म्हातारीकडे गेलं. आम्हाला वाटलं, आता परत येते. म्हातारीनं ती बोटांनी चाचपली, काठ तपासले, किती आहे ते विचारलं, आणि लुगड्याच्या टोकाला गाठ मारून ठेवली. "बरं हाय," म्हणाली.

गाडीत ही म्हणाली, "बरं झालं. ओझं उतरलं." वर रॅकवर दहा किलो तांदूळ, काटवलांची पिशवी आणि पळसाच्या पानात बांधलेल्या सात्या होत्या. त्या ओझ्याबद्दल ती बोलत नसावी.

दिवाळीच्या आठ दिवस आधी फोन आला. म्हातारीचे डोळे करायचे ठरले होते, नागपुरात. गुरुजी, आई, सून आणि सुनेबरोबर नातू. "धर्मशाळा पाहून ठेवता का जी?" गुरुजींनी विचारलं. ही शेजारीच उभी होती. तिनं फोन माझ्या हातातून घेतला.

आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा. मी पुस्तकांची खोली रिकामी केली, ही बाजारातून नवे टॉवेल घेऊन आली. आदल्या दिवशी संध्याकाळी मी पाहतो तो पलंगावर बसून मोबाइलमध्ये बघत ती टॉवेलला पीळ घालतेय. चार वेळा मोडून पाचव्यांदा जमलं. हंस म्हणावा तर मान फार आखूड, पण बसला होता नीट. म्हातारी आली, पाय धुतले (बाथरूममध्ये, माझ्या बादलीनं), पलंगावर बसली, हाताला टॉवेल लागला तसा उचलला, झटकला आणि तोंड पुसलं. "घडी निसटली वाटते तुमची," हिला म्हणाली.

नऊ दिवस मंडळी होती. आधी एक डोळा झाला. दुसरा पुढच्या महिन्यात. त्या नऊ दिवसांत आमच्या मजल्यावरच्या सहा बिऱ्हाडांची माहिती म्हातारीनं काढली; आम्ही तिथं अकरा वर्षं राहतो, समोरच्यांचं आडनाव आम्हाला तेव्हा कळलं. सुनेनं ओट्याचा ताबा घेतला. मी दोन वेळा भात घेऊ लागलो. दिवाळीला लेक आली, तिच्या मुलाला दरेकशाच्या पोरानं बेडकाचा आवाज काढायला शिकवलं आणि इमारतीच्या सेक्रेटरीनं चौकशी केली.

शेवटच्या सकाळी पट्टी निघालेली म्हातारी खोलीत बसली होती. हिनं हौसेनं पुन्हा हंस करून ठेवला. म्हातारीनं उघड्या डोळ्यानं त्याच्याकडे निरखून पाहिलं, इकडून, तिकडून. मग म्हणाली, "हा कोंबडा कायले बसवला जी इथं?" आणि त्याची मान धरून उचलला, तोंड पुसलं.

निघताना रिक्षा खाली उभी. सगळे जिन्यापाशी. म्हातारीनं लुगड्याच्या टोकाची गाठ सोडली, आमच्या नातवाला जवळ बोलावलं आणि त्याच्या मुठीत काहीतरी दाबलं. "खाऊ घेजो." ही "अहो, कशाला, कशाला" करत पुढं झाली, पण तोवर मूठ मिटली होती.

रिक्षा वळणावरून गेल्यावर हिनं ती मूठ उघडायला लावली. पाचशेची नोट. घड्या पडून पडून मऊ झालेली. ही ती दारातल्या उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहू लागली.

"काय बघतेस?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि नोट नातवाला परत दिली.